हँडल गेले, सेल्फ आला



पौषातली पहाट आहे असे समजा. निफाडच्या बाजूला एका खळ्यावर कांद्याने भरलेला ट्रक उभा आहे. लिलावाची वेळ गाठायची आहे. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. सेल्फ एकदा कण्हतो, दुसऱ्यांदा कण्हतो आणि थांबतो. ड्रायव्हर म्हणतो, "बॅटरी बसली." क्लीनर म्हणतो, "बसली कशी? दिवे तर लख्ख लागतात की!" या दोघांत खरे कोणाचे? त्याचा निवाडा करायचा तर आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

मोटारगाडी निघाली तेव्हा तिला सेल्फ नव्हता. पुढे उभे राहायचे, लोखंडी हँडल भोकात घालायचे आणि अंगातला जोर लावून इंजिन फिरवायचे. आपल्या खेड्यांतले जुने ऑइल इंजिन हँडल मारून सुरू होताना पुष्कळांनी पाहिले असेल, तसाच तो प्रकार. पण पेट्रोलच्या गाडीत एक धोका होता. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि हातातले हँडल मागे उसळे. मनगट मोडणे ही इतकी नेहमीची गोष्ट झाली, की हाडांच्या डॉक्टरांनी त्या इजेला 'शोफरचे फ्रॅक्चर' असे नावच देऊन टाकले. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीला वेढू नका, असे जुने ड्रायव्हर नव्या पोरांना शिकवीत ते याचसाठी.

येथे एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. अमेरिकेत डेट्रॉइटला एका बाईची गाडी बंद पडली. मदतीला धावलेल्या बायरन कार्टर नावाच्या मोटार-कारखानदाराला हँडलचा तडाखा बसला आणि त्यातच तो दगावला. त्याचा मित्र, कॅडिलॅक कारखान्याचा प्रमुख हेन्री लेलंड, हळहळला व त्याने हँडल घालवायचे ठरवले. गोष्ट चटका लावणारी आहे खरी. पण काही जण ती १९१० सालची म्हणून सांगतात, आणि कार्टर तर १९०८ सालीच वारला होता! शिक्षकबंधूंनी वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी, परंतु हा तारखांचा मेळही मुलांकडून घालून घ्यावा. इतिहास म्हणजे काय ते मुलांना त्यातून पटकन कळेल.

लेलंडने ज्याच्याकडे हे काम सोपवले तो चार्ल्स केटरिंग हा ओहायो राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८७६ चा. डोळे अधू, तरी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली, मग शिकत शिकत १९०४ साली इंजिनियर झाला. पुढे डेटन शहरात दुकानातले गल्ल्याचे यंत्र बनवणाऱ्या कंपनीत त्याने एक काम केले. त्या यंत्रालाही हँडलच असे. त्याच्या जागी त्याने विजेची छोटी मोटर बसवली. नंतर एडवर्ड डीड्स या मित्राबरोबर त्याने डेल्को ही कंपनी काढली; तिचे आरंभीचे प्रयोग डीड्सच्या घरामागच्या कोठारात चालत.

त्या काळचे जाणते लोक म्हणत, इंजिन फिरवण्याजोगी विजेची मोटर करायची तर ती इंजिनाएवढीच होईल. ती गाडीत ठेवणार कुठे? केटरिंगला गल्ल्याचे यंत्र आठवले. तिथली मोटर दिवसभर थोडीच चालते! क्षणभर चालते आणि थांबते. तेव्हा लहान मोटरीवर तिच्या कुवतीबाहेरचा भार घातला, तरी तो क्षणभरापुरताच असेल तर ती जळत नाही. हेच त्याने गाडीला लावले. १९११ मध्ये हे यंत्र सिद्ध झाले आणि १९१२ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक गाड्यांत बसून आले. तीच मोटर पुढे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरीत असे. हँडल नको म्हणून विजेवरची गाडी पसंत करणारे लोक हळूहळू पेट्रोलकडे वळले, त्याला हेही एक कारण झाले.

आता नीट ध्यानात घ्या. केटरिंगने हा एक सौदा केला होता. मोटर लहान, वेळ थोडा, पण त्या थोड्या वेळात प्रवाह भयंकर मोठा. आणि थंडी नेमकी या सौद्याच्या वर्मावर बोट ठेवते. थंडीत तेल घट्ट होते, इंजिन जड फिरते. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. पाणी गोठण्याच्या सुमारास तिची ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपास उरते. डिझेल तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. इंजिन सावकाश फिरले की ती उष्णता गार सिलिंडर शोषून घेतो आणि डिझेल पेटतच नाही. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याचा हाच अनुभव होता. इंजिनाखाली जाळ करून गाड्या सुरू कराव्या लागल्या. उलट रशियनांच्या टी-३४ रणगाड्यात विजेच्या सेल्फबरोबर दाबलेल्या हवेच्या बाटल्याही असत. एक नाही चालले तर दुसरे.

आता आपल्या खळ्यावर परत येऊ. दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात. ट्रकच्या सेल्फला काही शेकडा लागतात. समजा, एका गंजलेल्या जोडात ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा आहे. दिव्याच्या प्रवाहाला तो जाणवतही नाही. पण तीनशे अँपिअर जायला लागले की त्याच जोडात तीन व्होल्ट गडप होतात! बारातून तीन गेले, राहिले नऊ. म्हणजे नुसते दिवे लागले एवढ्याने बॅटरी निर्दोष ठरत नाही, आणि सेल्फ कण्हला एवढ्याने ती दोषीही ठरत नाही.

म्हणून दिवे लावून ठेवा आणि मग किल्ली फिरवा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली आहे, तिच्या खुंटावरचा जोड सैल आहे, किंवा इंजिनच फार जड झाले आहे. दिवे जवळजवळ तसेच राहिले आणि सेल्फच कण्हत राहिला, तर दोष पुढे, सेल्फकडे जाणाऱ्या तारेत, तिच्या स्विचमध्ये किंवा खुद्द सेल्फमध्ये शोधा. खुंटांवरची पांढरट-हिरवट बुरशी आधी साफ करा. बॅटरीकडून चासीला जाणारी अर्थची तारही पाहा. पुष्कळजण तिला विसरतात. काम करण्यापूर्वी तीच तार आधी सोडा, आणि जोडताना शेवटी जोडा. तेल कारखान्याने हिवाळ्यासाठी सांगितले असेल तेच घाला.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सेल्फ एका दमात दहा सेकंदांहून अधिक मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्या. ही मेस्त्रीची नुसती लहर नव्हे. क्षणभर काम आणि मग विश्रांती या करारावरच ती लहानशी मोटर १९११ साली गाडीत आली. आपण घाईत तो करार मोडला, तर ती जळेल. आणि आता मदतीला हँडलही उरलेले नाही.