१ नोव्हेंबरचे दिनविशेष आणि एक गाळलेली नोंद

दैनिकांतून आणि दिनदर्शिकांतून येणारे ‘दिनविशेष’ आपण रोज वाचतो आणि विसरतो. एका तारखेखाली कोणाचा जन्म, कोणाचे निधन, एखादे युद्ध, एखादा तह असे सारे दाटीवाटीने उभे केलेले असते आणि शतकाचे अंतर एका स्वल्पविरामात मिटते. अशा योगायोगांतून इतिहासाचा नियम काढू नये, हे खरेच. तरीही एखाद्या तारखेखालील नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे एका समाजाचा प्रवास डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदत आलेल्या मराठी घराण्यांसाठी १ नोव्हेंबर ही तशी तारीख आहे.

पहिली नोंद १८५८ सालची. त्या वर्षी १ नोव्हेंबरला अलाहाबाद येथे लॉर्ड कॅनिंग यांनी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचून दाखविला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जागी राणीचा अंमल सुरू झाल्याचे घोषित केले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जूनमध्ये ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या होत्या. तात्या टोपे अद्याप लढत होते. त्याआधीच्या दहा वर्षांत सातारा, झाशी आणि नागपूर ही मराठी राज्ये दत्तक नामंजूर करून खालसा करण्यात आली होती. आता जाहीरनामा सांगत होता, की संस्थानिकांशी झालेले करार पाळले जातील, त्यांचे हक्क आणि प्रतिष्ठा राखली जाईल, आणखी मुलूख जोडण्याची सरकारची इच्छा नाही. दत्तकाचा हक्क पुढे १८६२ च्या सनदांनी स्पष्टपणे मान्य झाला. हे औदार्य नव्हते. १८५७ च्या उठावाने शिकविलेले शहाणपण होते, आणि झाशीपुरते ते फार उशिरा सुचले होते.

या वचनाची कसोटी १८७५ साली बडोद्यास लागली. मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर करण्यात आले. वीस वर्षांपूर्वी एवढे निमित्त संस्थान गिळण्यास पुरले असते. या वेळी मात्र खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव महाराज म्हणून गादीवर आला. त्याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिंदे, होळकर आणि गायकवाड यांची संस्थाने टिकली, म्हणून ग्वाल्हेर, इंदूर व बडोदे येथील मराठी वस्तीला स्वातंत्र्यापर्यंत राजाश्रयाची सावली राहिली.

दुसरी नोंद १९५४ सालची. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानम या फ्रेंच वसाहतींचा कारभार वाटाघाटींनी भारताकडे आला. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाली होती. साहजिकच गोमंतकीयांच्या आशा पालवल्या. पण फ्रान्सला जे उमगले ते पोर्तुगालला उमगले नाही. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली.

तिसरी नोंद आपणा सर्वांच्या घरात शिरलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, दिवाळीच्याच दिवसांत, राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि १४ राज्ये व ६ केंद्रशासित प्रदेश असा भारताचा नवा नकाशा तयार झाला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने आदल्या वर्षी दिलेल्या अहवालानंतरचा हा निर्णय होता. त्या दिवशी कोणाला बिऱ्हाड हलवावे लागले नाही. पण अनेकांचे राज्य बदलले.

हैदराबाद संस्थानाची त्रिभागणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात मिळाले. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने ज्या शहरात विवेकवर्धिनीसारखी संस्था वाढविली, ते हैदराबाद शहर मराठवाड्यापासून तुटले. मध्य भारत राज्य संपले. ग्वाल्हेर व इंदूर यांचा राजधानीचा मान गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. बडोद्याची गोष्ट निराळी. यशवंतराव चव्हाण त्याच दिवशी मुख्यमंत्री झालेल्या द्वैभाषिक मुंबई राज्यात बडोदे, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद एकत्र आले. हा सहवास साडेतीन वर्षांचा ठरला. १ मे १९६० ला बडोदे गुजरातेत गेले.

सर्वांत खोल घाव बेळगावचा. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली, ती याच गावी. दहा वर्षांनी बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याने १९७३ साली १ नोव्हेंबरलाच ‘कर्नाटक’ हे नाव घेतले, आणि २०१४ साली त्याच तारखेला बेळगावचे नाव शासकीय व्यवहारात ‘बेळगावी’ झाले. एकाच रस्त्यावर त्या दिवशी राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिनही पाळला जातो. दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या भाषेवरील प्रेमानेच घराबाहेर पडतात. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

ही तारीख पुढेही राज्यांना जन्म देत राहिली. १९६६ साली हरियाणा आणि २००० साली छत्तीसगड याच दिवशी अस्तित्वात आले. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली राहिलेला रायपूर-रतनपूरचा मुलूख मध्य प्रदेशापासून वेगळा झाला. उलट हैदराबादेत २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाल्यावर राज्याच्या स्थापनेचा दिवसच बदलला. म्हणजे राज्यांच्या सीमा आणि त्यांचे उत्सव आपण मानतो तितके अढळ नसतात.

दिनविशेषांच्या याद्यांत सहसा न आढळणारी एक नोंद मात्र अजून सांगावयाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी पुनर्रचना कायद्याबरोबरच राज्यघटनेची सातवी दुरुस्तीही अमलात आली. तिने ‘३५० क’ आणि ‘३५० ख’ असे दोन नवे अनुच्छेद घातले. पहिल्याने भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा, असे सांगितले. दुसऱ्याने या संरक्षणावर देखरेख करण्यासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवावयाचे असतात. ज्या दिवसाने आपल्यापैकी अनेकांना परभाषक राज्याचे नागरिक केले, त्याच दिवसाने आपल्या मुलांच्या पहिल्या अक्षराची काळजीही घटनेत लिहून ठेवली.

या तरतुदीची भाषा मोघम आहे. ‘प्रयत्न’ या शब्दाला पळवाटा पुष्कळ. पण तिच्या पाठीशी एक ठोस मोजमाप १९४९ पासूनच होते. प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते, की प्राथमिक शाळेत एखाद्या भाषेचे ४० किंवा एका वर्गात १० विद्यार्थी असले, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा. हे दोन आकडे आपल्या घराण्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. सरकार टाळाटाळ करते, ही तक्रार अनेक ठिकाणी सकारण आहे आणि ती केलीच पाहिजे. पण दहा मुले मराठीच्या वर्गात बसवावयाची कोणी, हा प्रश्न सरकारचा नाही.

१८५८ चे वचन बडोद्यास फळले, कारण त्यावर हक्क सांगणारी जमनाबाई होती आणि तिने आणलेल्या मुलाने शाळा काढल्या. १९५६ चे वचन आपल्या हाती आहे. येत्या १ नोव्हेंबरला कोणी गुढ्या उभारील, कोणी काळ्या फिती लावील. आपल्या मंडळांनी आणि सभांनी त्या दिवशी आपल्या गावातील मराठी शिकणाऱ्या मुलांची गणती करावी. आकडा दहा भरला तर अर्ज लिहावा. न भरला तर आपल्या घरापासून सुरुवात करावी.