ड्रमंडचे बियाणे

दसरा सरला की आमच्या सुरतेतील नवागामात पहाटेचा वारा गार होऊ लागतो. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे येथे पुष्कळ. अंगण मात्र थोड्यांच्याच वाट्याला. त्या हातभर जागेत फ्लॉक्सचे बी पेरण्याचे दिवस हेच. पहिल्या वर्षी मी ते झेंडूबरोबर जूनमध्येच पेरले. रोपे उगवली आणि पावसात कुजून गेली. दोष बियाण्याचा नव्हता. त्या फुलाचे मूळ गाव मी विचारले नव्हते.

फ्लॉक्स हे टेक्सासच्या वाळवट माळावरचे रानफूल. थॉमस ड्रमंड नावाचा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक १८३३ साली तेथे गेला. त्याच वर्षी ब्राझोस नदीला महापूर आला आणि पटकीची साथ पसरली. २००६ चा तापीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना त्या प्रांताच्या दशेची कल्पना यावी. पटकीने ड्रमंडलाही गाठले. तो वाचला, आणि पुन्हा रानोमाळ हिंडू लागला. ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम हूकर यांना त्याने जे बियाणे धाडले, त्यांत फ्लॉक्सचेही होते. १८३५ च्या मार्चमध्ये क्यूबातील हवाना येथे तो वारला. त्याच वर्षी ते बी ब्रिटनमध्ये फुलले. हूकर यांनी फुलाला त्याचे नाव दिले. दगडी स्मारकापेक्षा हे मला अधिक भावते.

टेक्सासात हे बी पावसाळी उकाड्यात नव्हे, तर शरदात रुजते. हिवाळाभर रोप जमिनीलगत बसून राहते, वसंतात फुलते आणि कडक उन्हापूर्वी बी टाकून मरते. आपल्याकडील थंडी सौम्य असली तरी त्याला पुरते. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत रेती आणि कुजलेले शेणखत मिसळावे. बी अंधारात रुजते. त्यावर मातीचा पातळ थर हवाच. चारसहा पाने आली की वीतभर अंतराने रोपे लावावी आणि शेंडा खुडावा. मग ते उंच न जाता आडवे पसरते.

बियाणे धरताना मात्र सावध असावे. बोंडे वाळली की तडकतात आणि बी दूर उडते. ती पिवळी पडताच तोडून, कागदावर पसरून वर फडके टाकावे. आमची मुले हे बी पुड्यांतून घरी नेतात. पुडीवर ड्रमंडचे नाव मी मुद्दाम लिहवून घेतो.