रजेचा कागद

गेल्या वैशाखात आमच्या आकुर्डीतले एक जोडपे युरोपच्या प्रवासास निघाले. अण्णा संघटनेचे जुने सभासद. छत्तीस वर्षे लेथवर उभे राहिले आणि निवृत्त झाले. वहिनींनी जवळजवळ तितकीच वर्षे पाळीवर जाणाऱ्या एकट्या पोरांचे डबे केले. बेत पंचेचाळीस दिवसांचा होता, खर्च ग्रॅच्युइटीच्या पैशातून. आम्ही निरोप द्यायला गेलो तेव्हा शेजारणी वहिनींची ओटी भरीत होत्या आणि अण्णा मेतकुटाची पुडी कोणत्या बॅगेत आहे हे तिसऱ्यांदा विचारीत होते.

श्रोतेहो, एवढीच हकिगत असती तर ती या व्यासपीठावर आणली नसती. परंतु व्हिसाचे कागद जुळवताना एक गोष्ट निघाली. अर्जदार नोकरीत असेल तर मालकाने रजा मंजूर केल्याचे पत्र जोडावे लागते. अण्णांना त्याची गरज नव्हती. ते यादी वाचून म्हणाले, "नोकरीत असतो तर हे पत्र कुठून आणलं असतं हो?" आम्ही हसलो खरे, पण प्रश्न डोक्यात राहिला. परदेशगमन म्हटले की आपण पैसा, पासपोर्ट, विमान यांचा विचार करतो. आमच्या मते कष्टकऱ्याच्या प्रवासाचे खरे तिकीट म्हणजे पगारी रजा, आणि तिचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

तो सुरू होतो आपल्याच जिल्ह्यातील एका घराण्यापासून. नारायण मेघाजी लोखंडे यांचे घराणे मूळचे कन्हेरसरचे, म्हणजे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातले. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संस्था काढली. त्या वेळी गिरणीत आठवड्याच्या सुट्टीचा ठरलेला वार नव्हता. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, हे आवर्जून सांगण्याजोगे आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवार सरकारनेच दिला असे आपण समजतो. तो मागून, भांडून घ्यावा लागला.

एक दिवस मिळाला, पण लांबची रजा नव्हती. गिरणीतला माणूस शेतीच्या कामाला किंवा लग्नाला कोकणात, देशावर जाई, महिना दोन महिने राहीही. पण तेवढ्या दिवसांचा पगार बुडे आणि परत आल्यावर जागा मिळवण्यासाठी जॉबरचा हात ओला करावा लागे. हिला रजा कोण म्हणेल? हा तर खाडा.

युरोपातही कामगाराला समुद्रकिनारा कोणी आपण होऊन दाखवला नाही. १९३६ च्या मे-जून महिन्यांत फ्रान्समधल्या कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केले, आणि लेओं ब्लूम यांच्या सरकारने २० जून रोजी दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. लेओ लाग्रांज या मंत्र्याने रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात पॅरिसचे फिटर, टर्नर बायकोला घेऊन निघाले. कित्येक जोडपी दोन आसनांच्या सायकलीवर होती. कितीतरी जणांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आमच्या अण्णा-वहिनींच्या आधीचे हे प्रवासी आहेत, आणि अण्णांना ते आयफेल मनोऱ्याहून अधिक जवळचे वाटावेत असे आम्ही त्यांना सांगून ठेवले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षाला निदान सहा दिवस पगारी रजेचा ठराव केला.

आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यांत वर्षाला दहा दिवस आले, मग १९४८ चा कारखाने कायदा आला. वीस दिवस कामाला एक दिवस रजा. पुढे वर्षात २४० दिवस भरण्याची अट पडली. शिल्लक रजा पुढच्या वर्षी न्यायची तर तीस दिवसांपर्यंत. आता हिशेब करा. वर्षाला तीनशे दिवस भरले तर पंधरा. मागची तीस धरून पंचेचाळीस. अण्णांचा प्रवास बरोबर तेवढ्याच दिवसांचा! कागदावर तो नोकरीतही बसत होता. पण उत्पादनाच्या घाईत एकदम पंचेचाळीस दिवस सोडणारा अधिकारी आम्ही छत्तीस वर्षांत पाहिला नाही. बारशाला दोन, आजारपणाला चार, वारीला पाच, अशी रजा फुटकळ जाई.

पासपोर्टचेही तसेच. १९६७ पर्यंत तो सरकारच्या मर्जीवर होता. मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या सतवंतसिंग सहानी यांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या प्रवासाचे 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आले, ते मराठी घराघरांत वाचले गेले. पण त्या काळी परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, भोसरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले. त्या पहिल्या पिढीच्या कामगाराला युरोप वाचनालयातच भेटला.

आता चाकणला २००९ पासून जर्मन मोटारी तयार होतात. जर्मनीत धातुउद्योगातल्या करारांनी कामगाराला वर्षाला तीस दिवस, म्हणजे सहा आठवडे रजा आहे. मोटारीचे बोल्ट दोन्हीकडे सारख्याच ताकदीने आवळावे लागतात. इकडे मात्र ठेकेदाराकडचा पोरगा सात महिन्यांत कमी होतो आणि नव्या नावाच्या ठेक्यावर पुन्हा लागतो. २४० दिवस भरायचेच नाहीत अशी ती व्यवस्था. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली, तीत ही अट १८० दिवसांवर आली आहे. आता सात महिन्यांचे पाच होतात की काय, हे आम्ही हजेरीपटावरून पाहत आहोत.

राहता राहिल्या वहिनी. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे, असे अण्णांनी विचारले. 'गृहिणी' लिहा, असे आम्हीच म्हणालो. वहिनी आतून म्हणाल्या, "डब्यांचं लिहा. आणि रजेचं पत्र मागितलं तर त्या पोरांच्या सह्या आणते." अण्णांनी लिहिले, 'खाणावळ'. व्हिसा दोघांनाही मिळाला. पंचेचाळीस दिवस त्या पोरांच्या जेवणाचे काय करायचे, यावर निघण्याच्या दिवशीही गाडी सुटेपर्यंत बोलणे चालले होते.