शब्द मोजण्याआधी

‘फेडरलिस्ट’ हे १७८७-८८ मध्ये अमेरिकेत टोपणनावाने प्रसिद्ध झालेले ८५ निबंध. त्यांपैकी १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९४१ मध्ये फ्रेडरिक मोस्टेलर यांनी एका सहकाऱ्यासह दोघांच्या वाक्यांची लांबी मोजली. सरासरी जवळजवळ सारखीच निघाली! मोजणी अचूक होती. मोजायचे काय, ते चुकले होते. पुढे मोस्टेलर व डेव्हिड वॉलेस यांनी आराखडाच बदलला. दोघांचे निर्विवाद लेखन ताडून, विषयागणिक न बदलणारे किरकोळ शब्द त्यांनी निवडले. त्यांच्या १९६४ च्या ग्रंथात कौल मॅडिसनच्या बाजूने पडला.

गाथेत नामदेव आणि विष्णुदास नामा यांचे अभंग मिसळले आहेत. ते संख्येने निवडू पाहणाऱ्याने आधी प्रत्येकाचे निःसंशय अभंग निश्चित करावेत. तुलनेला आधारच नसेल, तर आकडे मुकेच राहतात.