फाटकावरची कस्तुरी

वसाहतोत्तर समीक्षा आपल्या विद्यापीठांत आता चांगलीच रुळली आहे. पश्चिमेने रंगविलेल्या पूर्वेच्या चित्रामागे सत्तेचा हात कसा होता, हे एडवर्ड सैद यांनी १९७८ च्या ‘ओरिएंटलिझम’मध्ये दाखविले. हे कार्य मोठे आहे, यात वाद नाही. परंतु राज्यकर्ते आणि जित एवढी एकच रेघ ओढून साहित्य-चित्रपट वाचू लागलो, की जितांमधलाच एक मालक त्या रेघेआड सुखरूप लपतो, अशी माझी तक्रार आहे.

बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ हा १९३६ चा बोलपट घ्या. निर्माते हिमांशू राय, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन. वसाहतोत्तर समीक्षकाला एवढे पुरते. परक्या माणसाच्या कॅमेऱ्यापुढचे भारतीय खेडे, त्यातून धडधडत जाणारी साहेबाची आगगाडी! (१९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधींनीही रेल्वेला दोषी ठरविलेच होते.) मी मात्र गाडीपेक्षा फाटकाकडे अधिक पाहतो. कस्तुरीचा बाप दुखिया हा तिथला फाटकवाला आहे. अस्पृश्य, पण गावाच्या दारची भाकर न मागता रेल्वेचा पगार घेणारा. त्या पगाराचे मोल काय, हे गिरणीत, रेल्वेत, पलटणीत शिरलेल्या आमच्या वाडवडिलांना ठाऊक होते.

म्हणून इंग्रजांची आरती ओवाळावी असे नव्हे. ज्या पलटणीने महारांच्या हाती बंदूक दिली, तिनेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज सिद्ध केला. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त भटशाहीला जाब विचारला आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे, शेतकऱ्यांच्या करावर वरच्यांचे शिक्षण चालविणाऱ्या सरकारलाही विचारला. दोन्ही मालक एकाच नजरेने पाहणारी ही दृष्टी आमच्याकडे सैदच्या शंभर वर्षे आधीची आहे. अभ्यासक्रमात तिला सिद्धांताचा मान कोण देतो?

आता पुन्हा फाटकाकडे. सर्पदंश झालेल्या ब्राह्मण मोहनचा जीव दुखिया वाचवितो. प्राणावर बेतले की स्पर्श चालतो. मोहनचा मुलगा प्रताप आणि कस्तुरी यांचे प्रेम मात्र चालत नाही. दोघांची लग्ने आपापल्या जातीत लागतात. शेवटी तिचा नवरा आणि प्रताप फाटकावर झुंजत असता, येणारी गाडी थांबवू पाहणारी कस्तुरी तिच्याखाली सापडते. दिग्दर्शक जर्मन होता म्हणून ती मेली नाही. लेखक-निर्मात्यांना प्रेक्षकाचे अश्रू हवे होते, लग्न नको होते.

त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालचे आपले संमेलन रद्द केले. लिहून तयार असलेल्या त्या भाषणात जातिभेदावरचा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला होता, आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्य नाकारा, असेही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले.