किरमाणी ओव्याची गोष्ट

चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वनस्पतिशास्त्रात या दवण्याचा समावेश 'आर्टेमिसिया' नावाच्या प्रजातीत होतो. फ्रेंच स्वयंपाकात मानाचे स्थान असलेला आणि इराणमध्ये 'तरखून' म्हणून जेवणाबरोबर कच्चा खाल्ला जाणारा टॅरॅगॉन हा त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे तो लडाखच्या थंड, कोरड्या डोंगरउतारांवर आपसूक उगवतो. या साऱ्या गोतावळ्याची एक जुनी ख्याती आहे. ती म्हणजे पोटातले जंत पाडणारी झाडे. ही ख्याती कितपत खरी, हे शोधताना शास्त्रज्ञांना काय सापडले, ते आज सांगायचे आहे.

टॅरॅगॉनचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ड्रॅकन्क्युलस. ड्रॅकन्क्युलस म्हणजे छोटा नाग. गंमत अशी, की पायातून बाहेर पडणाऱ्या नारूच्या कृमीलाही शास्त्रात हेच नाव आहे. पण नावाच्या या योगायोगावरून टॅरॅगॉन नारूवर उपाय ठरत नाही. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, तो मुख्यतः गाळलेल्या पाण्यामुळे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्यामुळे.

जंतांवर खरोखर कसाला उतरला तो टॅरॅगॉनचा दुसरा भाऊ, किरमाणी ओवा. नावात ओवा असला तरी आपल्या फोडणीतल्या ओव्याशी त्याचे नाते नाही. दुकानात ओव्याच्या दाण्यांसारख्या दिसतात त्या या झुडपाच्या न उमललेल्या कळ्या. १८३० मध्ये जर्मनीत काहलर आणि आल्म्स या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, या कळ्यांतून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. तेच सँटोनिन. चारच वर्षांनी ट्रॉम्सडॉर्फ यांनी नोंदवले, की हे स्फटिक उजेडात पिवळे पडतात आणि फुटतात. प्रकाशामुळे घडणाऱ्या रासायनिक क्रियांच्या अभ्यासात ही नोंद आजही मोलाची मानली जाते.

सँटोनिन जंताला मारत नाही, लुळे करते. लुळा पडलेला गोलकृमी आतड्याला धरून राहू शकत नाही आणि रेचक दिले की बाहेर पडतो. पटकृमीवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. एक वनस्पती, एक द्रव्य आणि एकाच प्रकारचा जंत, इतका हा हिशेब नेमका होता.

औषध कडू, आणि घ्यायचे बहुधा मुलांनी. १८४९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये चार्ल्स फायझर आणि मिठाई बनवणारे चार्ल्स एरहार्ट या दोघांनी गोड गोळीत सँटोनिन घालून विकायला सुरुवात केली. आजच्या अवाढव्य कंपनीचा पहिला माल म्हणजे ही जंताची गोळी. पण गोडीमागे धोका होता. मात्रा वाढली की रुग्णाला सारे जग पिवळे दिसू लागे आणि जास्त झाली तर आचके येत. झाड 'नैसर्गिक' होते म्हणून धोका कमी झाला नाही.

जगाला लागणारे सँटोनिन प्रामुख्याने आजच्या कझाकस्तानातील चिमकेंतच्या परिसरातून येई. तिथे १८८० च्या दशकात कारखानाच उभा राहिला. पहिले महायुद्ध आणि रशियन क्रांतीनंतर हा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा आपल्याकडच्या संशोधकांनी काश्मीर आणि वायव्येकडील डोंगराळ भागातील झुडपांकडे लक्ष वळवले. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांच्या अभ्यासात या वनस्पतीची कसून तपासणी केली. त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासांतून दिसले ते असे, की झाड कुठे वाढले आणि कोणत्या महिन्यात खुडले यावर सँटोनिनचे प्रमाण अवलंबून असते. दिसायला अगदी सारख्या झुडपांपैकी एकात औषध असते, दुसऱ्यात जवळजवळ नसतेच.

माझ्या मते या इतिहासातला हाच खरा धडा आहे. परंपरेने झाड बरोबर हेरले होते. पण किती द्यायचे, कोणाला द्यायचे, कोणत्या जंतावर द्यायचे आणि कधी थांबायचे, हे मोजूनच कळले. भावाच्या कर्तबगारीवर टॅरॅगॉनला प्रमाणपत्र देता येत नाही. त्याच्या फ्रेंच वाणाच्या तेलात मुख्यतः एस्ट्रागोल नावाचे द्रव्य असते. त्याची परीक्षा त्याचीच व्हायला हवी.

१९५० च्या दशकात पिपराझिनसारखी अधिक सुरक्षित औषधे आली आणि सँटोनिन मागे पडले. पण गोतावळ्याची कहाणी संपली नाही. २०१५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून दिले गेले. त्यातला अर्धा भाग मिळाला चीनच्या तू यूयू यांना, आर्टेमिसियाच्याच एका जातीतून हिवतापावरील औषध शोधल्याबद्दल. उरलेला अर्धा कॅम्बेल आणि ओमुरा यांना, गोलकृमींच्या रोगांवरील नव्या उपचारासाठी.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला आणि शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळू लागली. गोळी आज पोटात असलेले जंत काढते. मातीतली अंडी मात्र मातीतच राहतात. मुलाने हात न धुता घास घेतला, की ती पुन्हा पोटात जातात. म्हणून औषधाच्या बरोबरीने साबण, पाणी आणि शौचालयही हवे. आणि घरात किरमाणी ओव्याची पुडी असलीच, तर ती मुलाला अंदाजाने देऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)