इंग्रजीतील कर्मणी प्रयोग : कोठे योजावा, कोठे टाळावा

‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न आपण सर्वांनी शाळेत सोडविलेला आहे. ‘राम ईट्स अ मँगो’चे ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ केले की गुण मिळत. परंतु राम आंबा खातो एवढेच सांगायचे असता कोणीही इंग्रजीभाषक दुसरे वाक्य उच्चारणार नाही, हे वर्गात सहसा सांगितले जात नाही. त्यामुळे रूपांतर साधते. प्रयोग केव्हा योजावा, हे उमगत नाही. अर्ज, तक्रार आणि कार्यालयीन पत्र लिहिताना ही उणीव महागात पडते.

नावाचा गोंधळ

‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र ही वाक्ये ‘राम एट द मँगो’ अशी सरळ ‘अ‍ॅक्टिव्ह’च होतात. इंग्रजी ‘पॅसिव्ह’शी खरे जुळते ते ‘आंबा खाल्ला गेला’ हे रूप. आपले व्याकरण त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणते. म्हणून मनातील मराठी वाक्यात ‘केले गेले’ किंवा ‘करण्यात आले’ सहज बसत असेल, तरच इंग्रजीत ‘पॅसिव्ह’चा विचार करावा.

रचना

‘टु बी’चे योग्य रूप आणि क्रियापदाचे तिसरे रूप, एवढीच ही रचना. काळ दाखविण्याचे काम ‘टु बी’ करते. ‘द रोड इज रिपेअर्ड एव्हरी इयर’ म्हणजे दरवर्षी दुरुस्ती होते. ‘वॉज रिपेअर्ड’ म्हणजे झाली. ‘मस्ट बी रिपेअर्ड’ म्हणजे झालीच पाहिजे. सर्वाधिक चूक होते ती ‘बीइंग’ आणि ‘बीन’ यांत. ‘इज बीइंग रिपेअर्ड’ म्हणजे काम चालू आहे. ‘हॅज बीन रिपेअर्ड’ म्हणजे काम पुरे झाले आहे. ‘इज बीन रिपेअर्ड’ हे रूप इंग्रजीत नाही. ‘इज’सोबत ‘बीइंग’ आणि ‘हॅज’सोबत ‘बीन’, ही जोडी पाठ करावी. तसेच करणाऱ्यापूर्वी ‘बाय’ आणि साधनापूर्वी ‘विथ’ येते : ‘द लॉक वॉज ब्रोकन बाय अ थीफ’, पण ‘विथ अ हॅमर’.

कोठे शोभतो

कर्ता ठाऊक नसेल तेथे : ‘माय बॅग वॉज स्टोलन’. कर्ता उघड असेल तेथे : ‘ही वॉज अरेस्टेड’, अटक पोलिसांनीच केली, हे सांगावे लागत नाही. कर्त्यापेक्षा कृती महत्त्वाची असेल तेथे : ‘स्मोकिंग इज नॉट अलाउड हिअर’. आणि ज्याच्याविषयी आपण बोलत आहोत, त्याच्याशी झालेले सांगायचे असेल तेथे : ‘माय सन वेंट फॉर द इंटरव्ह्यू अँड वॉज सिलेक्टेड’. जन्माची गोष्टही याच रूपात येते. मात्र ती भूतकाळात. ‘आय अ‍ॅम बॉर्न इन १९९०’ अशुद्ध, ‘आय वॉज बॉर्न’ शुद्ध.

कोठे चुकतो

अकर्मक क्रियापदाचा ‘पॅसिव्ह’ होत नाही, कारण पुढे आणण्यासाठी कर्मच नसते. ‘द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’, ‘ही वॉज डाइड’ ही वाक्ये आपल्याकडे सर्रास आढळतात. येथील ‘वॉज’ सरळ गाळावा. ‘कन्सिस्ट ऑफ’ आणि ‘बिलाँग टु’ यांचेही तसेच : ‘द कमिटी इज कन्सिस्टेड ऑफ’ नव्हे, ‘द कमिटी कन्सिस्ट्स ऑफ’. कार्यालयीन पत्रांतील ‘इट इज इन्फॉर्म्ड दॅट’ हीदेखील चूकच. ‘इन्फॉर्म’ या क्रियापदाला कोणाला कळविले ते हवे असते. म्हणून ‘यू आर इन्फॉर्म्ड दॅट’ असे लिहावे.

कर्ता लपतो तेव्हा

इराण प्रकरणाविषयी बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८७ मध्ये ‘मिस्टेक्स वेअर मेड’ असे म्हटले. चुका झाल्या, कोणी केल्या, हे त्या रचनेने झाकले. जबाबदारी टाळू पाहणाऱ्यांना ही रचना म्हणूनच प्रिय असते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, शक्य तेथे ‘पॅसिव्ह’ टाळावा, असा सल्ला दिला. त्यांच्या त्याच निबंधात हा प्रयोग पुष्कळदा येतो, हेही खरे. म्हणजे दोष रचनेचा नसून तिच्या आडोशाचा आहे.

सामान्य माणसाचे नुकसान मात्र उलट दिशेने होते. नोकरीच्या अर्जात ‘अकाउंट्स वेअर मेंटेन्ड’ असे लिहिले, तर ते काम अर्जदाराने केले हेच दिसत नाही. तेथे ‘आय मेंटेन्ड द अकाउंट्स’ असेच हवे. तक्रारीत ‘मनी वॉज टेकन फ्रॉम मी’ असे लिहिले आणि घेणारा ठाऊक असूनही त्याचा उल्लेख राहिला, तर तक्रारीचा कणाच निखळतो.

तेव्हा वाक्य लिहून झाल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे कोणी केले? आणि ते वाचणाऱ्याला कळणे आवश्यक आहे काय? दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर कर्त्याला वाक्याच्या आरंभी त्याचे स्थान द्यावे; ‘नाही’ असेल, तर कर्मणी प्रयोग निःसंकोच योजावा.